दर आठवी पट्टी

मराठीत 'पट्टी' या शब्दावर फार कामे टाकलेली आहेत. गवई विचारतो ती स्वराची पट्टी, पेटीवाला दाबतो ती लाकडाची, डॉक्टर बांधतात ती कापडाची. आणि गणिताच्या मास्तरांच्या हातात असे तिचा उल्लेख आमच्या पिढीपुढे न केलेलाच बरा. यंदाच्या भाद्रपदापासून आणखी एका पट्टीने माझ्या डोक्यात घर केले आहे. ही प्लास्टिकची. रुंदीला दोन बोटे, जाडीला लग्नपत्रिकेच्या कागदाहून कमी, आणि अंगावर तांब्याच्या सोळा समांतर रेघा. जुन्या सिंथेसायझरच्या पोटात ती घडी होऊन बसलेली असते. वाजवणाऱ्याच्या बोटाखाली कोणती पट्टी दबली हा निरोप आतल्या मुख्य पाटीपर्यंत पोचवायचा, एवढेच तिचे काम. कारागीर तिला 'रिबन' म्हणतात. आपणही तसेच म्हणू. नाहीतर पट्टीपट्टीत घोटाळा व्हायचा.

कर्जत-खालापूरकडे या वाद्याला सिंथेसायझर कोणी म्हणत नाही. कंपनी कोणतीही असो, ते 'कॅसिओ'च. जसे कोणतेही वनस्पती तूप डालडा. मुंबईत हे वाद्य १९७०च्या दशकात चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणातून रुळले, आणि त्या संदर्भात केरसी लॉर्ड यांचे नाव आवर्जून घेतले जाते. चरणजित सिंग यांनी तर १९८२ साली दहा राग असल्या यंत्रांवर बसवून त्यांची तबकडी काढली. त्या वेळी तिच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा तिकडच्या रसिकांनी ती डोक्यावर घेतली. असो. मुंबईच्या स्टुडिओतून ही वाद्ये ऑर्केस्ट्रात गेली, ऑर्केस्ट्रातून जुन्या बाजारात, आणि तिथून चादरीत गुंडाळून लोकलने कर्जतला. पुढे पळसधरी, केळवली, डोलवली, लौजी अशी स्टेशने घेत खोपोलीला. या फाट्यावर १८५६ साली आगगाडी आली, आणि १९१५ पासून खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्या चालवू लागली. म्हणजे मुंबईशी आमची देवाणघेवाण जुनी आहे. आम्ही वीज दिली. वाद्ये आली ती वापरलेली.

ती आली आणि हळदीत जाऊन बसली. रायगडातली हळद ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगायला हवे, की आमच्याकडे लग्न एका बाजूला आणि हळदीची रात्र एका बाजूला. संध्याकाळी मांडवात धवलारीण धवले गाते. हा शब्द लिहिताना मराठीच्या मास्तराला तेराव्या शतकातील महदंबेचे 'धवळे' आठवल्याशिवाय राहत नाहीत. रुक्मिणीच्या लग्नाची ती गाणी आम्ही वर्गात शिकवतो, आणि वर्गाबाहेर तीन मैलांवर तो प्रकार अजून जिवंत असतो. धवलारीण थकली की बँजो, ढोलकी आणि 'कॅसिओ' सुरू होतो, तो पहाटेपर्यंत. काही विद्वान मित्र यावर नाक मुरडतात. विलायती यंत्राने लोकसंगीत बिघडवले, असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना पेटीची आठवण देतो. हार्मोनियमचे पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये निघाले. तिच्यावर आकाशवाणीने १९४० साली बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. आणि आज त्याच पेटीवाचून भजन होत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी असा 'कॅसिओ' वाजवतो. दिवसा खोपोलीच्या एका कारखान्यात कंत्राटावर, रात्री हळदीत. वाद्य त्याच्या वडिलांचे. पंचवीस वर्षे त्यांनी ते वाजवले. चार वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला, आणि वाद्य मुलाकडे आले. गौरी-गणपती झाल्यावर एका रविवारी तो ते सायकलच्या कॅरियरवर बांधून माझ्याकडे घेऊन आला. म्हणाला, "सर, दर आठवी पट्टी बोलत नाही."

एकसष्ट पट्ट्या. पहिली मुकी, नववी मुकी, सतरावी, पंचविसावी, अशा मोजून आठ मुक्या. बाकीच्या ठणठणीत. हे काय गौडबंगाल? पट्ट्या झिजल्या तर वाटेल तशा झिजतील; त्या पाढे म्हणत कशाला झिजतील?

उलगडा केला तो स्टेशनाजवळच्या एका दुरुस्तीवाल्याने. टीव्ही, मिक्सर, मंदिरांचे ध्वनिवर्धक, सगळे तो करतो. त्याने वाद्य उघडायच्या आधीच सांगितले, "सर, पट्ट्या चांगल्या आहेत. रिबन गेली." आणि मला समजेल अशा भाषेत समजावले. आठ मजल्यांची एक चाळ आहे, दर मजल्यावर आठ खोल्या. चौसष्ट खोल्या झाल्या. एकसष्ट बिऱ्हाडे तीत आरामात बसतात. प्रत्येक खोलीत स्वतंत्र तार न्यायची तर एकसष्ट तारा लागतील. त्याऐवजी दर मजल्याला एक आणि खोल्यांच्या दर उभ्या रांगेला एक, अशा सोळाच तारा पुरतात. आतला मेंदू सेकंदाला शेकडो वेळा एकेका मजल्याला हाक मारतो आणि कोणत्या रांगेतून 'ओ' येते ते पाहतो. मजला आणि रांग कळली की खोली कळली. आता एखाद्या मजल्याची तार तुटली तर ओळीने शेजारच्या आठ पट्ट्या मुक्या होतात. उभ्या रांगेची तुटली तर दर मजल्यावरची एक, म्हणजे दर आठवी. माणूस आजारी पडला की कुठे दुखते ते विचारावे लागते. हे यंत्र मोजून सांगते. त्या दुरुस्तीवाल्याचे शिक्षण दहावीपर्यंत. व्याकरणातले विभक्तीचे कोष्टक मी वीस वर्षे शिकवतो आहे, पण आडवे-उभे एवढे स्वच्छ मला कधी समजावता आलेले नाही.

मुलाने दोन महिने त्यातूनही मार्ग काढला होता. तिसऱ्या सप्तकातली पांढरी दोन षड्ज धरायची आणि गायकाची खरी पट्टी यंत्राच्या बटणाने लावून घ्यायची. मग मधल्या सप्तकात तीव्र मध्यम तेवढा मुका राहतो, आणि हळदीच्या गाण्यांना तो फारसा लागत नाही. पण वर तार रिषभही मुका; गाणे रंगात येऊन तिथवर चढले की बोट नुसते प्लास्टिकवर आपटे. नाचणाऱ्यांच्या ते ध्यानात येत नसे. वडिलांच्या येई, ते घरी ओसरीवर बसून ऐकत.

रिबन का तुटते? वाद्याचे झाकण उघडले की ती उलगडते, मिटले की त्याच जागी दुमडते. लोखंडी तार हातात धरून खालीवर वाकवत राहिले की ती कडक होते आणि तुटते. तांब्याच्या रेघेचे तेच. त्यात आमचा पाऊस. सह्याद्रीच्या पायथ्याचे हे तालुके. चार महिने कपाटातल्या पुस्तकांनाही बुरशी धरते, तिथे उघड्या तांब्याला हिरवा गंज चढायला कितीसा वेळ? आणि वरून हळद. वाद्य उघडले तेव्हा पट्ट्यांखाली पंचवीस वर्षांची हळद बसलेली होती, मधूनमधून गुलाल. कुंचल्याने झाडून काढली तर वर्तमानपत्राचा अर्धा कागद पिवळा झाला.

दुरुस्तीवाल्याने भिंग लावले. एक रेघ घडीवर तुटलेली, आणखी दोन तुटायच्या बेतात. बोटाने दाबले की मीटर वाजे, सोडले की थांबे. नवी रिबन मिळण्याची आशा नव्हती. जे वाद्य निघायचेच बंद झाले त्याचे सुटे भाग कोण बनवणार? तुटका भाग कापून उरलेले टोक पुन्हा जोडावे, तर दर वेळी रिबन अर्धा सेंटिमीटर आखूड होते, आणि सैल भाग उरला होता जेमतेम बोटभर. शिवाय रिबनचे प्लास्टिक आंच सोसत नाही. आपल्या आज्यांच्या भांड्यांना तांबट डाख देई तोच हा प्रकार. पण इथे कथलाचे मिश्रण १८३ अंशांना वितळते, प्लास्टिक अडीचशेच्या पुढेमागे, आणि तापलेल्या खिळ्याचे टोक तीनशेच्या वर. क्षणभर जास्त टेकले की रेघ सुटून वर येते आणि खाली भोक. काही वाद्यांत तर तांबेही नसते; चांदीच्या किंवा कोळशाच्या शाईने रेघा छापलेल्या असतात, त्यांना डाख धरतच नाही. तिथे चांदीचा रंग कुंचल्याने लावून पाहावे, एवढाच उपाय. आमच्या नशिबाने रेघा तांब्याच्या होत्या.

त्याने रिबनच काढून टाकायचे ठरवले. दुकानाच्या कोपऱ्यात एक मोडका संगणक पडला होता. त्यातली राखाडी रंगाची चपटी केबल त्याने ओढून काढली. तिच्यात चाळीस तारा शेजारी शेजारी चिकटलेल्या. काठावरची एक लाल, पहिली कोणती ते कळावे म्हणून. त्यांतल्या सोळा त्याने कापड फाडावे तशा फाडून वेगळ्या केल्या. प्रत्येक तारेत केसासारखे सात धागे असतात, म्हणून ती वाकते पण लवकर तुटत नाही. सोळा तारांची बत्तीस टोके म्हणजे बत्तीस डाख.

पण त्याआधी तो एकदम थांबला. मुख्य पाटीवर रुपयाएवढा एक सेल होता. मीटर लावले तर तीन व्होल्टच्या जागी दोनच्या जरा वर. "याच्यात काही साठवलेले आहे का?" त्याने विचारले. मुलाचा चेहरा उतरला. त्या जपानी वाद्यात सनई नव्हती. ती त्याच्या वडिलांनी स्वतः बनवली होती. तीन पावसाळे बसून, एकेक आकडा खालीवर करत, कानाने. असल्या यंत्रात आवाज म्हणजे आकड्यांची यादी असते, आणि ती यादी त्या सेलच्या जिवावर तगून होती. सेल काढला की यादी पुसली. नाही काढला तर सहा महिन्यांत, वर्षात, एखाद्या हळदीच्या ऐन मध्यरात्री ती आपोआपच पुसली गेली असती. पंचक्रोशीत त्यांची ओळख 'सनईवाले' अशीच आहे, आणि सुपाऱ्या येतात त्या त्या आवाजासाठी.

तेव्हा माझा उपयोग झाला. मुलगा यंत्राच्या इवल्याशा पडद्यावर पाहून आकडे वाचू लागला आणि मी विद्यार्थ्यांच्या हजेरीच्या जुन्या वहीत ते उतरवू लागलो. एका सनईचे शंभरावर आकडे. प्रत्येक आकडा तो दोनदा वाचे, मी एकदा परत वाचे. दोन तास लागले. मी आयुष्यात पुष्कळ हस्तलिखिते पाहिली, पाठभेद तपासले. पण एका चुकीच्या आकड्याने आवाज फाटेल अशी धास्ती कोणत्या पोथीने घातली नव्हती.

मग नवा सेल बसला, आणि बत्तीस डाख पडले. पहिल्या चाचणीत एक पट्टी दाबली की भलतीच दुसरी वाजे; दोन शेजारच्या डाखांमध्ये कथलाचा केसाएवढा पूल झाला होता. तो काढला. रबरी बटणांखालची कोळशाची टिकली स्पिरिटने पुसून झाली. सातच पट्ट्या परत बोलल्या. सत्तावन्नावी अजून मुकी आहे, कारण तिची टिकलीच झडलेली आहे. तेवढ्या वर हळदीत कोणी जात नाही, म्हणून ती तशीच ठेवली. दुरुस्तीवाल्याने मजुरी सांगितली ती इतकी थोडी, की मुलाने न विचारता त्यात भर घातली. नवे वाद्य घ्यायचे तर त्याचे तीन पगार गेले असते, आणि त्यात सनई मिळाली नसती.

संध्याकाळी आम्ही ते त्याच्या घरी नेले. वहीतले आकडे भरायला पुन्हा तासभर लागला. वडील ओसरीवर खाटेला टेकून बसले होते. मुलाने पांढरी एक दाबून धरली. सनई उमटली, घरातली माणसे दारात आली. म्हातारबुवा डोळे मिटून ऐकत राहिले. तुळशीच्या लग्नानंतरची पहिली सुपारी खालापूर तालुक्यातल्या एका गावची आहे, हे मुलगा मला हळूच सांगत होता, तेवढ्यात त्यांनी डावा हात वर केला.

"तो तेवीसचा आकडा," ते म्हणाले, "सव्वीस कर. कधीचा करायचा राहिला होता."

मुलाने केला. मी वहीत तेवीस खोडून सव्वीस लिहिले.