मोबाईल शिकवतो की मुकादमी करतो?



मी गोदीत माल वाहतो. टॅलीवाला गोणी मोजतो. मोजल्यानं पाठीवरचं ओझं हलकं होत नाही. सरकारला हे कुणी सांगायचं?

१९७५ साली अंगणवाडी आली. २०२१ च्या मार्चात 'पोषण ट्रॅकर' आला. ताईनं पोरांची वजनं, उंची, हजेरी त्यात भरायची. तेव्हा सरकारी मोबाईल रखडणारा होता, ॲपमध्ये इंग्रजीचा कारभार होता. त्याच ऑगस्टात महाराष्ट्रातल्या हजारो तायांनी मोबाईल सरकारला परत केले. शाब्बास!

मी मोबाईलविरुद्ध नाही. पण बाळंतिणीजवळ बसलेल्या ताईला रकाने नकोत, शिक्षण हवं. पिताना बाळाचं तोंड मोठं उघडलंय का? हनुवटी छातीला टेकलीय का? खालचा ओठ बाहेर वळलाय का? हे मराठीत, हलत्या चित्रात दाखवा. नेट नसतानाही चालू द्या. सहा महिन्यांवरच्या पोराच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या आत भरला, तर त्याला कुठं न्यायचं हे तिला तिथल्या तिथं कळू द्या. तिच्या सवालाला जिवंत माणसानं जबाब द्यावा.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या १०० पोरांत ३५ खुजी निघाली. मोजून झालं. पुढं काय?

२०२२ साली सुप्रीम कोर्टानं तायांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. मग मानधनाची भीक कशाला? ताई कामगार आहे. तिला पगार द्या, आणि शिकण्याचे तास कामाच्या तासांत धरा.

नुसती टॅली आम्हाला नामंजूर!