आधी घोडी, मग बंदूक

सध्या मध्यमवर्गीय पुरुषांत एक ताप पसरला आहे. पूर्वी तो ट्रान्झिस्टरचा असे, नंतर कॅमेऱ्याचा झाला, आता हत्यारांचा आहे. लक्षणे ठरलेली. गृहस्थ चाळिशी ओलांडतो, हप्त्यावरची मोटार दारात येते, एखाद्या रविवारी तो स्वतःच्या हाताने एअर फिल्टर बदलतो (या शस्त्रक्रियेत चार क्लिपा उघडून पुन्हा लावायच्या असतात) आणि त्याच रात्री त्याला साक्षात्कार होतो की, अरे, आपल्याकडे इम्पॅक्ट रेंच नाही!

इम्पॅक्ट रेंच म्हणजे पंक्चरवाल्याकडची ती टर्रर्र करणारी बंदूक. पूर्वी ती हवेच्या नळीला बांधलेली असायची. आता बॅटरीवर चालते, म्हणून घरात शिरली. या बंदुकीबद्दल मला आज चार कडक शब्द बोलायचे आहेत. नेमके सांगायचे तर, सगळ्यांत आधी बंदूक विकत घेणाऱ्यांबद्दल.

बँकेतल्या बी.कॉम. कारकुनाने पान्यापकडींविषयी तोंड उघडू नये, असे आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरसाहेबांचे मत आहे. ते सॉफ्टवेअरचे इंजिनिअर आहेत. मी मात्र गेली बारा वर्षे रविवार सकाळ माझ्या गाडीखाली आडवा होऊन काढतो. ऑइल, प्लग, बॅटरी, ब्रेकचे पॅड एवढी कामे घरी. इंजिन उघडण्याच्या भानगडीत पडत नाही. आमच्या हिचे म्हणणे असे, की हे बँकेत मान वर करत नाहीत आणि घरी मान बाहेर काढत नाहीत. असो.

फियाट-अँबॅसडरच्या काळात गाडी असणे म्हणजेच पाने असणे. डिकीत पान्यांची पिशवी आणि प्लग घासायला पॉलिशपेपर नसेल, तर माणूस गावाला निघत नसे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि गाड्या पहिल्या किल्लीला सुरू होऊ लागल्या. बॉनेट उघडायचे निमित्तच गेले. पण हौस कुठे मरते? ती बॉनेटखालून निघाली आणि दुकानाच्या काउंटरवर जाऊन बसली. आजचा हौशी मेकॅनिक गाडी दुरुस्त करत नाही, हत्यारे दुरुस्त ठेवतो.

पुण्यात बोहरी आळीत जा, नाहीतर मुंबईत नागदेवी स्ट्रीटला. तिथला मुरलेला दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "काम काय आहे?" आपला गृहस्थ या प्रश्नाला उत्तर देत नाही. तो उलट विचारतो, "सगळ्यांत पॉवरफुल कुठली?" लग्नाच्या बाजारात मुलाचा पगार विचारावा तसे!

तिसऱ्या मजल्यावरचा संवाद ऐका.

"हजार न्यूटन-मीटर आहे, भाऊ! हजार!" साहेब बंदूक माझ्या पोटाला लावून म्हणाले.

"आणि तुमच्या चाकाचा नट केवढ्याला घट्ट करायचा असतो?"

"केवढ्याला म्हणजे? घट्ट करायचा असतो!"

वाचकहो, इथेच सगळे पाणी मुरते. छोट्या गाडीच्या चाकाचा नट साधारण ८० ते १२० न्यूटन-मीटर एवढाच आवळायचा असतो. नेमका आकडा गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तकात असतो, आणि ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात पॉलिथिनच्या कोऱ्या पिशवीत असते. म्हणजे शंभराच्या खात्यात हजाराचा चेक. बँकेत असा चेक परत करायची तरी सोय आहे.

बरे, ते आकडे तरी पाहा. साहेबांची मशीन २० व्होल्टची; मेव्हण्याची १८ ची, म्हणून मेव्हणा खजील. प्रत्यक्षात दोन्हींच्या पोटात लिथियमचे पाचच सेल. सेलचा नेहमीचा दाब ३.६ व्होल्ट, म्हणजे पाचांचे १८. नुकताच चार्ज झालेला सेल ४ व्होल्ट दाखवतो, म्हणजे पाचांचे २०. पगाराच्या दिवशीची शिल्लक आणि महिन्याची सरासरी शिल्लक यात जो फरक, तोच हा! न्यूटन-मीटरचेही तेच. पुठ्ठ्यावर ठळक टाइपात छापलेला आकडा बहुधा नट सोडवतानाचा असतो. आवळतानाचा लहान आकडा आतल्या कागदावर. आणि एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या यंत्राला बसत नाही. पहिल्या बंदुकीबरोबर तुम्ही त्या घराण्याशी सोयरीक करता. मग ड्रिल, ग्राइंडर, पंखा, सगळे त्याच घराण्यातले करावे लागते.

आता एक हिशेब मांडतो. माझे वजन ७० किलो. अर्धा मीटर लांबीच्या दांडक्याच्या टोकावर मी माझा सगळा भार टाकला, तर ७० गुणिले ९.८ गुणिले ०.५, म्हणजे ३४३ न्यूटन-मीटर. आमच्या हिचे वजन मी छापत नाही. पण ५५ किलोच्या कुठल्याही बाईचे असेच जवळजवळ २७० भरतात. नियमाप्रमाणे आवळलेला नट सोडवायला हे दुपटीहून जास्त आहे. चाक जमिनीवर टेकलेले हवे आणि गोटी नटावर पक्की बसलेली हवी, एवढ्या दोनच अटी. हे यंत्र चार्ज करावे लागत नाही. उलट, रोज दोन्ही वेळा जेवून ते आपोआप चार्ज होत असते.

कुणी म्हणेल, हौसेला मोल नसते, तुमचे काय जाते? सांगतो.

गेल्या पावसाळ्यात माझी मेहुणी मुलाला घेऊन पुण्याहून पनवेलला निघाली होती. खोपोलीच्या अलीकडे टायर बसला. बाई हुशार, चाक बदलायला माझ्याकडेच शिकलेली. स्टेपनी काढली, पाना लावला, त्यावर उभी राहिली. नट ढिम्म. चारच दिवसांपूर्वी एका टायरच्या दुकानात बंदुकीने चाके आवळून घेतली होती. भर पावसात, रस्त्याच्या कडेला, शेजारून ट्रक सणसणत जाताहेत आणि गाडीतला पाना वाकला! शेवटी एका ट्रकड्रायव्हरने हातभर लोखंडी पाइप आणून, आणखी दोघांना बोलावून ते नट सोडवले. तोवर सव्वा तास झाला होता. मुलगा घरी पोचेपर्यंत बोलला नाही.

त्या दुकानदाराला निदान सबब आहे, त्याला दिवसाला चाळीस चाके करायची असतात. रविवारी चार चाके करणाऱ्या गृहस्थाला कसली घाई? तोही टर्रर्र करून मोठ्या अभिमानाने म्हणतो, "असा घट्ट केलाय, बापजन्मी निघणार नाही!" अहो, निघायलाच हवा की तो! नट फार आवळला की स्टड ताणला जातो, आटे जातात आणि एक दिवस स्टड तुटून हातात येतो. बंदुकीला नटाची नाडी कळत नाही. त्यासाठी टॉर्क रेंच नावाचा साधा पाना मिळतो. आकडा लावायचा, नट आडवे-तिडवे समोरासमोरचे आवळत जायचे, "टक" झाले की थांबायचे. काम झाल्यावर आकडा खाली आणून ठेवायचा. बऱ्या बंदुकीपेक्षा तो बहुधा स्वस्तच पडतो. पण "टक"मध्ये "टर्रर्र"चा रुबाब नाही, म्हणून तो कुणी घेत नाही.

मात्र खरा राग मला पुढच्या गोष्टीचा येतो. साहेबांच्या भिंतीवर बंदूक आहे, ग्राइंडर आहे, एकशे आठ नगांची गोट्यांची पेटी आहे. परवा ते गाडीखाली घुसले होते आणि गाडी नुसत्या जॅकवर! छोटी म्हटली तरी ७००-८०० किलोंची वस्तू. जॅक हा उचलायला असतो, धरून ठेवायला नव्हे. तेलाचा जॅक एका रबरी सीलच्या भरवशावर उभा असतो. सील गेले की तो बसतो. गाडीबरोबर मिळणारा कात्रीजॅक तर चाक बदलण्यापुरताच, जरा धक्का लागला की कलंडतो. मी साहेबांना पायाला धरून बाहेर ओढले. ते रागावले. रागावू देत.

बँकेच्या भाषेत सांगायचे, तर नुसत्या जॅकवरची गाडी म्हणजे बिनतारणी कर्ज. त्याला जामीनदार लागतो. तो जामीनदार म्हणजे लोखंडी तिपाईसारखे स्टँड. गॅरेजात त्यालाच घोडी म्हणतात. दोन घोड्या, सपाट जमीन, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून अडण्या आणि ओढलेला हँडब्रेक, एवढे झाल्याशिवाय खाली जायचे नाही. विटांवर गाडी तोलणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, वीट भार पडल्यावर फुटते आणि फुटण्यापूर्वी नोटीस देत नाही.

मी यंत्रद्वेष्टा नाही. कोकणात खाऱ्या हवेत दहा वर्षे काढलेल्या गाडीचा गंजलेला बोल्ट बंदुकीचे ठोके खाऊन सुटतो, तिथे माझे ७० किलो हात टेकतात. तिथे बंदूक जरूर चालवा. फक्त काळ्या इम्पॅक्ट गोट्या लावा, चकचकीत क्रोमच्या तडकतात. आवळताना मात्र हाताने आणि टॉर्क रेंचने. ग्राइंडरही घ्या. पण त्याचे लोखंडी कव्हर "आड येतं" म्हणून काढून ठेवू नका, डोळ्यांवर चष्मा लावा, आणि चकतीच्या मधल्या कड्यावर तारीख छापलेली असते, तेवढी वाचा. औषधाच्या बाटलीवरची वाचता ना?

खंडेनवमीला सोसायटीत हत्यारांच्या पूजा होतात. साहेबांच्या बंदुकीला झेंडूचा हार, हळदकुंकू, पेढा. वर्षातून तेवढाच तिचा उपयोग, म्हणून मी समाधान मानतो. पण पुढच्या वर्षासाठी खरेदीचा क्रम लिहून ठेवा: आधी घोड्या, मग चष्मा, मग चांगल्या गोट्या आणि लांब दांडा, मग टॉर्क रेंच. यातून पैसे उरले आणि बोल्ट गंजला, तर बंदूक. तारण आधी, कर्ज नंतर. हा नियम मोडून दिलेली प्रकरणे पुढे कशी बुडतात, ते मी वीस वर्षे काउंटरच्या या बाजूने पाहतो आहे. आणि तिथे बुडतात ते पैसे असतात.