घरीच तर असतेस ना!

मोठ्या मुलीच्या शाळाप्रवेशाच्या वेळची गोष्ट. खिडकीपलीकडच्या कारकूनबाई अर्ज भरून घेत होत्या. वडिलांचा व्यवसाय त्यांनी हुद्द्यासकट नीट लिहून घेतला. मग आईचा विचारला. ‘‘भाषांतर करते,’’ मी म्हटले. ‘‘कुठल्या ऑफिसात?’’ ‘‘ऑफिस नाही, घरूनच.’’ बाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिले : गृहिणी. मी हरकत घेतली नाही. मागे रांग होती, कडेवर धाकटा चुळबुळत होता, आणि एका औषधाच्या माहितीपत्रकाची अकरा पाने संध्याकाळपर्यंत पोचवायची होती.

गृहिणी म्हणवून घेण्यात मला कमीपणा वाटत नाही. ते काम मी करतेच. पण त्याशिवाय आणखी एक काम करते, त्याचे पैसे मिळवते, त्यावर कर भरते, आणि हे दुसरे काम मात्र कोणाला दिसत नाही. शेजारणीला दिसत नाही, नातेवाइकांना दिसत नाही आणि सरकारदरबारीही धड दिसत नाही. ‘‘तू काय बाई, घरीच तर असतेस!’’ हे वाक्य गेली दहा वर्षे मी इतक्या जणांकडून ऐकले आहे, की त्यामागे काय दडले आहे याचा एकदा हिशेब मांडावा असे वाटू लागले.

चाळीतली गॅलरी आणि बंद दारे

घरी बसून पैसे मिळवणे ही काही काँप्युटरने आणलेली गोष्ट नव्हे. मी वाढले गिरगावात. त्याच गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून ‘लिज्जत’ची श्री महिला गृह उद्योग ही संस्था उभी राहिली. सकाळी केंद्रावरून पीठ घरी न्यायचे, लाटून वाळवलेले पापड आणून द्यायचे आणि लाटणावळ घ्यायची, ही तिची पद्धत. पुढे १९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खाणावळ चालवणाऱ्या बायकांना ‘अन्नपूर्णा’त एकत्र आणले. त्याही घरातल्या चुलीवरच कमावत होत्या.

मग त्यांची मुले कोण सांभाळत असे? त्याचे उत्तर आमच्या चाळीच्या लांबलचक गॅलरीत होते. दारे दिवसभर उघडी असत. कोणाचे तरी आजोबा कठड्यापाशी खुर्ची टाकून बसलेले असत. रांगणारे पोर तिसऱ्या बिऱ्हाडापर्यंत पोचले, तर तिथली काकू त्याला उचलून परत आणून देई. या व्यवस्थेला कोणी पाळणाघर म्हटले नाही, पण ते पाळणाघरच होते.

ती चाळ सोडून आम्ही मीरा रोडला आलो, जसे हजारो आले. २००१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ५ लाख २० हजार होती, ती २०११ मध्ये ८ लाख ९ हजार झाली. दहा वर्षांत जवळजवळ तीन लाख माणसे वाढली. त्यांतली कित्येक कुटुंबे मुंबईतली दहा बाय बाराची खोली सोडून स्वतंत्र संडास-न्हाणीघराच्या ओढीने आलेली. आमच्या हाटकेशमध्ये एकीकडे उद्योगनगरातले गाळे, दुसरीकडे इमारतींच्या रांगा. घर मोठे झाले, उजेड आला, लिफ्ट आली. पण आजी-आजोबा गिरगावातच राहिले आणि दारे बंद झाली.

आमचे ‘हे’ सकाळी साडेसातला घर सोडतात आणि चर्चगेटहून परतायला रात्रीचे साडेआठ होतात. दोघांपैकी कोणीतरी मुलांजवळ असायला हवे होते. ते कोणी, यावर आमच्या घरात चर्चा झाल्याचे मला आठवत नाही. माझी नोकरी सुटली आणि भाषांतराची कामे घरी येऊ लागली, तेव्हा सगळ्यांना वाटले, काय छान सोय झाली! मलाही तसेच वाटले.

सतरा रेघा

धाकटा तीन वर्षांचा असताना एका सकाळी मी शेजारी एक कोरा कागद ठेवला. खुर्चीतून उठावे लागले की एक रेघ. साडेनऊ ते एक या वेळात सतरा रेघा झाल्या. पाणी, शू, रंगीत खडूचे तुटलेले टोक, कुकर. गॅसवाला. आजारी मावशींची चौकशी करणारा सासूबाईंचा फोन. आणि शेजारच्या तीन घरांची पार्सले, कारण ‘‘त्या घरीच असतात’’ हे आता वॉचमनलाही पाठ झाले आहे. साडेतीन तासांत खरे काम झाले ते पावणेदोन तासांचे.

मला मोबदला मिळतो शब्दांवर. तासांवर मिळत नाही. त्यामुळे काम लांबले तर नुकसान माझे एकटीचे. उरलेले शब्द मी रात्री दहानंतर किंवा पहाटे साडेचारला उठून पूर्ण करीत असे. हे चालले होते, आणि ‘जमतंय की!’ म्हणून माझे कौतुकही होत होते. एके रात्री मात्र परत तपासणाऱ्या बाईंचा फोन आला. औषधाच्या मात्रेत मूळ मजकूर होता ‘दोन दिवसांतून एकदा’. मी लिहिले होते ‘दिवसातून दोनदा’. म्हणजे चौपट औषध! छापण्याआधी चूक सापडली म्हणून बरे. त्या ओळीवर असताना धाकट्याला सणकून ताप होता आणि मी एका हाताने कपाळावरची पट्टी बदलत होते. त्या रात्री मला दोन गोष्टी एकदम कळल्या. माझे काम हे काम आहे, त्याची चूक कोणाच्या तरी पोटात जाऊ शकते. आणि मूल सांभाळणे हेही तितकेच पुरे काम आहे. दोन्ही एकाच वेळी करणे ही सोय नव्हती, दोन्हीकडे थोडी थोडी फसवणूक होती.

दुसऱ्या आठवड्यापासून धाकटा रोज चार तास पलीकडच्या विंगमधल्या ताईंकडे जाऊ लागला. त्या आपल्या हॉलमध्ये सहा मुले सांभाळतात. लगेच प्रश्न आलाच : ‘‘तू घरी असताना पाळणाघर कशाला?’’ ऑफिसला जाणाऱ्या आईला हा प्रश्न कोणी विचारत नाही. आणि घरून काम करणाऱ्या बापाला तर नाहीच नाही. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या यांनी बेडरूममध्ये टेबल मांडले तेव्हा ‘‘बाबांची मीटिंग आहे, आवाज नको,’’ असे मीच मुलांना दटावत होते. दार बंद करण्याचा हक्क त्यांना पहिल्याच दिवशी मिळाला. मला तो मागून घ्यावा लागला.

हे आमच्याच घरचे रडगाणे नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे रोजचे सरासरी २९९ मिनिटे त्यात जात होते, करणाऱ्या पुरुषांचे ९७. पुन्हा २०२४ साली पाहणी झाली तेव्हा हे आकडे २८९ आणि ८८ निघाले. मधल्या काळात टाळेबंदी होऊन गेली, पुरुष महिनोन्‌महिने घरी राहिले, पण दोघांमधला फरक जवळपास होता तेवढाच राहिला.

कायद्याला दिसणारी आई

आता कायद्याकडे वळू. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचे झाले. या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. ती संहिता २०२० साली संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तरतुदी चांगल्याच आहेत, पण त्यांचा सगळा डोलारा ‘मालक’ या एका शब्दावर उभा आहे. मला मालक नाही. गिऱ्हाइके आहेत, चार-पाच. माझ्या बाळंतपणात त्यांनी मला शुभेच्छा दिल्या आणि काम दुसरीकडे दिले. त्यांनी काही बेकायदा केले नाही.

गंमत अशी, की घरी काम करणारी आई कायद्याला कधी दिसलीच नाही असे नाही. सोलापूरच्या विडी कामगार बायका पान-तंबाखू घरी आणून विड्या वळत आल्या. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने अशा घरखेप कामगार बाईलाही बाळंतपणाचे लाभ लागू केले होते. कारखान्यात पाऊल न टाकता घरी विड्या वळणारी बाईसुद्धा कामगारच, हे त्या कायद्याने मान्य केले होते. तो कायदा आता नव्या श्रमसंहितांत विलीन झाला. विडी कामगारांचे आयुष्य सुखाचे होते असे मुळीच नाही. तंबाखूच्या धुळीत पोरे वाढली आणि आईचा आकडा भरावा म्हणून पोरांनीही हात लावला. पण त्या संघटित होत्या. कुंभारीला त्यांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली ती संघटनेच्या जोरावर. आम्ही लिहिणाऱ्या, भाषांतर करणाऱ्या, चित्रे काढणाऱ्या, शिकवण्या घेणाऱ्या बायका स्वतःला ‘व्यावसायिक’ म्हणवतो आणि एकमेकींचा दरसुद्धा एकमेकींना सांगत नाही.

नव्या संहितेत ‘घर-आधारित कामगार’ आणि ‘स्वयंरोजगारी कामगार’ यांची व्याख्या आहे, असंघटितांसाठी आरोग्य व मातृत्वाच्या योजना आखाव्यात असेही म्हटले आहे. पण योजना म्हणजे हक्क नव्हे. जिनिव्हाला १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरखेप कामाविषयीचा करार केला. त्यासाठी इला भट्ट यांच्या अहमदाबादच्या ‘सेवा’ने मोठी खटपट केली होती. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. शिवाय स्वतंत्र व्यावसायिक त्यातूनही वगळलेलेच आहेत. दुसरीकडे ब्रिटनमध्ये स्वतःचा धंदा करणाऱ्या बाईलाही अटी पूर्ण केल्यास एकोणचाळीस आठवड्यांपर्यंत मातृत्वभत्ता मिळू शकतो. म्हणजे मालकाशिवायही आईला पोचवता येते. प्रश्न इच्छेचा आहे.

पैसे कधी, आणि किती?

लिज्जतच्या बाईला पापड जमा केले की लाटणावळ मिळे. मला एका कामाचे पैसे मिळायला चार महिने लागले. मधल्या काळात पाळणाघराची फी मात्र दर पहिल्या तारखेला द्यावी लागते. पुष्कळ बायका इथेच हरतात. पैसे येईनात म्हणून पाळणाघर बंद, मूल घरी, काम निम्मे, आणि शेवटी ‘‘जाऊ दे, एवढी दगदग कशाला!’’

इथे एक गोष्ट माहीत असावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात सेवा पुरवणारेही येतात. ‘उद्यम’ नोंदणी फुकट आहे. अशी नोंदणी असेल तर काम स्वीकारल्यापासून फार तर ४५ दिवसांत पैसे देणे घेणाऱ्यावर बंधनकारक आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते आणि दाद मागायला सुविधा परिषद आहे. मी बिलाच्या तळाशी नोंदणी क्रमांक आणि ही एक ओळ टाकू लागले. भांडण कोणाशी झाले नाही, पण पैसे लवकर येऊ लागले.

दुसरी गोष्ट दराची. पाळणाघराची फी मी पूर्वी ‘घरखर्चा’त लिहीत असे. आता ती वीज आणि इंटरनेटच्या शेजारी, धंद्याच्या खर्चात लिहिते आणि त्याप्रमाणे दर सांगते. दोन गिऱ्हाइके गेली. गेली ती स्वस्त होती आणि तो स्वस्तपणा माझ्या झोपेतून निघत होता. अर्थात दर वाढवण्याची चैन मला परवडते. आमच्या खालच्या मजल्यावर काही बायका नकली दागिन्यांचे मणी ओवतात. माल आणून देणारा सांगेल तो भाव. त्यांना बिल नाही, मग त्यावर लिहायची ओळ कुठली? त्यांचे दुखणे एकेकटीने सुटणारे नाही.

घरून काम करण्याचे सुख नाही असे मात्र मी म्हणणार नाही. मुलगी शाळेतून येते तेव्हा दार मी उघडते. तिच्या चेहऱ्यावरून कळते की आज काहीतरी बिनसले आहे. लोकलमध्ये लोंबकळणाऱ्या माझ्या मैत्रिणींना ते रात्री नऊला कळते, किंवा कळतच नाही. म्हणूनच हे काम टिकावे असे वाटते. पण त्याची सगळी किंमत एकाच माणसाने का भरायची? केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघराची कल्पना आहे. आमच्याकडच्या नव्या इमारतींच्या जाहिरातींत व्यायामशाळा असते, क्लब हाऊस असते. दुपारी रिकाम्या असलेल्या त्या क्लब हाऊसात चार तासांचे पाळणाघर का चालू नये? सोसायटीच्या बैठकीत मी हे मांडले तेव्हा एक काका म्हणाले, ‘‘पण बायका घरीच असतात ना!’’

पलीकडच्या विंगमधल्या त्या ताई बैठकीला होत्या. सहा मुले सांभाळून त्या स्वतःच्या मुलीचा अभ्यास स्वयंपाकघरात घेतात. त्याही घरूनच काम करतात, त्यांनाही कोणी रजा देत नाही, आणि त्या आजारी पडल्या की सहा घरांचे काम थांबते. त्या उठून एवढेच म्हणाल्या, ‘‘आम्ही घरी असतो, पण रिकाम्या नसतो.’’ ठराव पुढच्या बैठकीवर गेला. आम्ही दोघी पुन्हा मांडणार आहोत.

धाकट्याचा प्रवेश अर्ज यंदा काँप्युटरवर भरायचा होता. आईच्या व्यवसायापुढे तीन पर्याय होते : नोकरी, व्यवसाय, गृहिणी. मी व्यवसाय निवडला. लगेच खाली नवा रकाना उघडला : कार्यालयाचा पत्ता. तो भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकेना. मी आमच्या घराचाच पत्ता लिहिला.