दप्तर तलाठ्याकडून गेले, ते कोणाकडे?

आळेफाट्याजवळच्या राजुरीत काय किंवा जुन्नर तालुक्यातील इतर कोणत्याही गावात काय, सातबाऱ्याच्या एका उताऱ्यासाठी शेतकऱ्याने तलाठ्यामागे किती हेलपाटे घातले याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. आज तोच उतारा डिजिटल स्वाक्षरीसह घरबसल्या मिळतो. ही सोय खरी आहे आणि तिची हेटाळणी करणे पुरोगामीपणाचे लक्षण मानता येणार नाही. १९८० च्या दशकात संगणकाला कामगार चळवळीने केलेला विरोध मुख्यतः नोकऱ्या जाण्याच्या धास्तीतून होता. संगणकामुळे सत्तेची जागा बदलेल, हा विचार त्या वादात मागेच राहिला.

ई-पीक पाहणीचेच पाहावे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतः बांधावर जाऊन, मोबाइलवर छायाचित्र काढून पिकाची नोंद करावी अशी व्यवस्था आली. तलाठ्याचा अधिकार शेतकऱ्याच्या हाती आला, असे त्या वेळी मोठ्या उत्साहाने सांगण्यात आले. वस्तुतः हाती आले ते तलाठ्याचे काम. मुदत केव्हा संपणार, कोणते छायाचित्र ग्राह्य धरायचे, दुरुस्ती किती दिवसांत करायची, हे सारे दूर कोठेतरी बसून ठरवले जाते. तलाठी लाचखाऊ असला तरी त्याला चावडीवर जाब विचारता येई, तहसीलवर मोर्चा नेता येई. ‘सिस्टीम घेत नाही’ असे उत्तर मिळाल्यावर मोर्चा कोठे न्यायचा?

राजुरीच्या बागायतदाराच्या घरात एखादा शिकलेला मुलगा तरी असतो. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम डोंगराळ पट्ट्यात, जेथे रेंज शोधायला टेकाड चढावे लागते, तेथील महादेव कोळी शेतकऱ्याची भाताची खाचरे पिकाने भरलेली असूनही कागदावर पडीक राहू शकतात. मग नुकसानभरपाई मागायची कोणत्या आधारावर?

पुढची पायरी याहून गंभीर आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत २०२३ पासून काही पिकांच्या उत्पादनाचा अंदाज बांधताना उपग्रहाच्या प्रतिमांना स्थान मिळाले आहे. आज पीक कापणी प्रयोग शेतात होतो, चार माणसे पाहतात, भांडतातही. उद्या निर्णय सर्वस्वी गणिती सूत्रावर गेला, तर साक्षीदारच उरणार नाही. सूत्र चुकीचे असेलच असे नाही; पण ते तपासण्याचा हक्क विमा कंपनीला आणि मंत्रालयाला असेल, ज्याचे पीक गेले त्याला नसेल.

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या, १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली. गावाकडे थोडीबहुत सत्ता सरकली ती अशा कायद्यांनी, जाहीर चर्चेनंतर. ती परत वर नेण्यासाठी मात्र कायदा करावा लागत नाही, विधानसभेत मतदान घ्यावे लागत नाही. एक नवे ॲप पुरते.

यावर इलाज संगणक फोडण्यात नाही. २०१७ मध्ये संगणकीकृत सातबाऱ्यांचे चावडी वाचन झाले होते. पीक नोंदींचे तसेच वाचन प्रत्येक हंगामात ग्रामसभेपुढे व्हावे, आणि ग्रामसभेने ठरावाने दाखवलेली चूक मुदतीत दुरुस्त करणे तहसीलदारावर बंधनकारक असावे. लेखनातील चुका सुधारण्याची तरतूद जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ मध्ये आहेच. तिला ग्रामसभेची जोड द्यायची आहे. आदिवासी पट्ट्यातील ग्रामसभांना तर १९९६ च्या पेसा कायद्याचे बळ आहे. कार्यकर्त्यांनी खरिपाच्या नोंदी सुरू होण्याआधी असे ठराव गावोगाव मंजूर करून घ्यावेत आणि तहसील कचेरीतून त्यांची पोच घ्यावी.