गुणवत्तेला आधार कोणाचा?

कर्करोग जात, धर्म वा वर्ण पाहून होत नाही, असे आपण म्हणतो. परंतु त्यावर संशोधन कोणी करावयाचे आणि कोणाच्या दुखण्यावर करावयाचे, हे मात्र बव्हंशी समाजातील विषमताच ठरवीत असते. अमेरिकेचा अनुभव या बाबतीत उद्बोधक आहे.

डॉ. जेन राइट या कृष्णवर्णीय विदुषीने १९५१ साली मेथोट्रेक्सेट हे औषध स्तनाच्या कर्करोगावरही गुणकारी ठरते, हे दाखवून दिले. १९६४ साली सात जणांनी ‘अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’ स्थापन केली. त्यांत स्त्री त्या एकट्याच आणि कृष्णवर्णीयही त्या एकट्याच. त्यांची बुद्धिमत्ता असामान्य होतीच; पण न्यूयॉर्कच्या हार्लेम रुग्णालयातील कर्करोग संशोधन केंद्र त्यांचे वडील डॉ. लुई राइट यांनी उभारलेले होते, हे विसरून चालणार नाही. जिच्या वडिलांना प्रयोगशाळा उभारता आली नाही, त्या तितक्याच बुद्धिमान मुलीने काय करावे?

या प्रश्नाचे उत्तर सार्वजनिक पैशानेच देता येते. पदवीनंतर संशोधकाला अनेक वर्षे तुटपुंज्या विद्यावेतनावर काढावी लागतात. ज्याच्या घरी शिल्लक असते तो थांबू शकतो. ज्याच्या डोक्यावर कर्ज असते तो वाट सोडतो. यालाच पुढे गुणवत्तेची निवड असे नाव मिळते.

जे वाट सोडत नाहीत, त्यांचे तरी काय होते? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे आलेल्या अनुदान-अर्जांची एक पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. शिक्षण, प्रशिक्षण, प्रकाशित लेखन हे सारे जमेस धरूनही, कृष्णवर्णीयांना अनुदान मिळण्याचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा शंभर अर्जांमागे सुमारे दहांनी कमी भरले. २०१९ च्या पाहणीत त्याचे एक कारण पुढे आले. लोकसमूहांच्या आरोग्याचे विषय हे संशोधक अधिक निवडतात आणि नेमक्या त्याच विषयांना पैसा कमी मिळतो. कृष्णवर्णीय पुरुषांत प्रोस्टेटच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या निवडीचे मर्म कळते. संशोधक वगळला की त्याच्यासोबत त्याच्या समाजाचा प्रश्नही वगळला जातो. खरी हानी ही आहे, आणि ती रुग्णांना भोगावी लागते.

हे अंतर बुजविण्यासाठी दिलेली अनेक अनुदाने ट्रम्प सरकारने २०२५ साली रद्द केली. त्याचा निषेध करताना आपण आपल्या घरातही डोकावले पाहिजे. अल्पसंख्य समाजांतील संशोधक विद्यार्थ्यांसाठी २००९ साली सुरू झालेली मौलाना आझाद राष्ट्रीय छात्रवृत्ती केंद्र सरकारने २०२२ साली बंद केली. इतर योजनांतून तोच लाभ मिळतो, हे त्याचे कारण सांगण्यात आले. परंतु ज्यांच्या घरातील पहिलीच पिढी प्रयोगशाळेच्या दारापर्यंत पोहोचली आहे, त्यांना खास आधाराची गरज असते. ही छात्रवृत्ती पुन्हा सुरू करावी, विद्यावेतन दरमहा वेळेवर द्यावे आणि पीएच.डी.नंतरच्या उमेदवारीच्या वर्षांतही ते चालू राहावे, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.