फुकटची हवा

(द्वितीय वर्ष, कला)

कलाशाखेच्या वार्षिक अंकात मोटारीच्या इंजिनाचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. पण माझे वडील उद्यमनगरात मिस्त्री आहेत. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. अंकात कविता पुष्कळ असतील, तेव्हा एका इंजिनाने एखादे पान अडवले तर कुणी रागावणार नाही अशी आशा आहे.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. एक गृहस्थ आपली जुनी मर्सिडीज 'सी २०० काँप्रेसर' घेऊन गॅरेजात आले. गाडी ठणठणीत होती. काँप्रेसर म्हणजे सुपरचार्जर. आमच्याकडे त्याला ब्लोअर म्हणतात. गृहस्थ म्हणाले, "मिस्त्री, हा ब्लोअर काढा आणि टर्बो बसवा. ब्लोअर इंजिनाची ताकद खातो, टर्बो फुकट चालतो." मजुरीचा आकडाही त्यांनी चांगला सांगितला. अण्णांनी बॉनेट उघडले, गाडीखाली वाकून पाहिले आणि काम नाकारले. गृहस्थ रागावून निघून गेले. माझी फी अजून भरायची होती, त्यामुळे मलाही संताप आला. रात्री जेवताना मी तो बोलून दाखवला. अण्णा एवढेच म्हणाले, "आरं, त्यो नुसता पंखा बदलाय सांगतोय. हितं सगळं घर बदलाय लागतंय."

अण्णांचे चुकले हे सिद्ध करावे म्हणून मी वाचायला बसलो.

इंजिनात जितकी हवा जाईल तितकेच पेट्रोल नीट जळते. इंजिन आपल्या ओढीने घेते त्याहून अधिक हवा दाबून भरली, तर त्याच इंजिनातून जास्त ताकद निघते. ब्लोअर हे काम क्रँकवरून येणाऱ्या पट्ट्याच्या जोरावर करतो. म्हणून पाय दाबताच हवा हजर असते. मात्र पट्टा फिरवण्याचा भार इंजिनावरच पडतो. टर्बोची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली पेटंट केली. सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या तप्त धुराने एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने हवा दाबायची. पेट्रोलमधल्या शक्तीचा साधारण तिसरा हिस्सा या धुराबरोबर बाहेर जातो. तेव्हा गृहस्थांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते.

पण ते पुरते खरेही नव्हते. वाटेत चक्र आले की धूर बाहेर ढकलायला इंजिनाला अधिक जोर लावावा लागतो. पुरेसा धूर येईपर्यंत चक्र वेग घेत नाही, म्हणून ताकद क्षणभर उशिरा येते. गगनबावड्याच्या घाटात वळणावरून गाडी वर काढताना तो क्षण मोठा वाटतो. शिवाय हे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते, तेही धुराच्या धगीत. त्याच्या बेअरिंगला तेल कमी पडले की टर्बो गेलाच म्हणून समजा.

आता बदलाचा खर्च पाहा. ब्लोअर काढला की पट्टा दुसऱ्या मापाचा लागतो. टर्बो पेलणारा नवा मॅनिफोल्ड लागतो. तेल नेणारी एक नळी आणि ते आपोआप चेंबरमध्ये परत उतरेल अशी दुसरी, मोठी नळी लागते. दाब हद्दीबाहेर जाऊ नये म्हणून वेस्टगेट लागतो, आणि हवा गार करणाऱ्या इंटरकूलरच्या नळ्या नव्याने फिरवाव्या लागतात. सर्वांत महत्त्वाचा गाडीचा संगणक. पेट्रोल किती द्यायचे, ठिणगी केव्हा पाडायची, हे सारे त्यात ब्लोअरच्या हिशेबाने भरलेले असते. त्याच हिशेबावर टर्बो चालवला तर इंजिन नॉक करू लागते, आणि तसेच दामटले तर पिस्टन फुटतो. गृहस्थ पैसे देणार होते ते फक्त टर्बोचे आणि मजुरीचे.

कोणी विचारील, मग कंपनीने कसे केले? कंपनीने केले हे खरेच. मर्सिडीजने २००९ च्या सुमारास याच १.८ लिटर इंजिनाच्या घराण्यात ब्लोअर जाऊन टर्बो आणला. 'सी २००' ची ताकद १८४ अश्वशक्ती होती, तेवढीच राहिली. वाढली ती ओढ : २५० न्यूटन-मीटरची २७० झाली, आणि ती २८०० ऐवजी १८०० फेऱ्यांपासूनच मिळू लागली. पण त्यासोबत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडण्याची पद्धत आली आणि संगणकाचा हिशेबही नव्याने मांडला गेला. म्हणजे कंपनीनेसुद्धा नुसता पंखा बदलला नाही.

म्हणून माझे मत असे की, धडधाकट ब्लोअर इंजिनाला हौसेखातर हात लावू नये. टर्बोच हवा असेल तर टर्बोसाठीच घडवलेली गाडी घ्यावी. रस्त्यावरच्या गाडीत असे बदल करताना कायदाही पाहावा लागतो : मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा फेरफार मालकाला करता येत नाही. आणि अर्धेमुर्धे काम करून देणारा मिस्त्री गिऱ्हाइकाचे भले करीत नाही, मग मजुरी कितीही असो. हे लिहिताना माझ्या त्या रात्रीच्या रागाची मला लाज वाटते. फी मी पुढे दोन हप्त्यांत भरली.

मात्र एका बाबतीत माझे अण्णांशी अजून पटत नाही. जे समजायला मला चार रात्री लागल्या ते त्यांना दहा मिनिटांत दिसले होते; पण गिऱ्हाइकाला त्यांनी फक्त "नाही" म्हटले, कारण सांगितले नाही. "मला तुझ्यासारखं बोलाय कुठं येतंय?" असे ते म्हणतात. ते कारण मी येथे लिहून ठेवले आहे. अंक छापून आला की एक प्रत गॅरेजात राहील.