सोळाव्या दिवशी काय?
आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकांच्या मेंदूतली गाठ काढली, रेडिएशनही झालं. योजनेतून, फुकटात. लाभार्थी म्हणून बॅनरवर फोटोही लागला.

आता दोन वर्षांनी काकांना सुईत दोरा ओवता येत नाही, गिऱ्हाइकाचं नाव आठवत नाही, फिट येतात. रेडिएशनचे परिणाम कधी महिन्यांनी, कधी वर्षांनी दिसतात, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. पण आयुष्मान भारतमध्ये डिस्चार्जनंतरचा खर्च मिळतो फक्त 15 दिवसांचा! ओपीडी त्यात नाहीच. फिटच्या गोळ्या, फिजिओथेरपी, सगळं खिशातून. 5 लाखांचं कार्ड घेऊन काकू मेडिकलसमोर उभ्या, अन् तिथं ते चालत नाही.

साहेब, गाठ निघाली म्हणजे माणूस बरा झाला असं नसतं. पुढच्या सभेत ‘मोफत उपचार’ म्हणाल तेव्हा एवढं सांगा, सोळाव्या दिवशी काकूंनी कुणाच्या दारात जायचं?